वीस फुटांची दांडी

नट फिरतच राहिला. 'टक्' असा आवाज यायला हवा होता, तो काही आला नाही.

माझ्या हातात टॉर्क रेंच होता. म्हणजे मोजून आवळायचा पाना. किती जोराने आवळायचं ते त्यावर आधी लावून ठेवायचं. तेवढा जोर झाला की पाना टक् करतो आणि आपण थांबायचं. पहिल्या बोल्टला मी दोन फेरे दिले, तीन दिले, पाचवा दिला. पाना गप्प. दुसऱ्यालाही तेच. तिसऱ्याला तर बोल्टच नटाबरोबर फिरायला लागला.

मागे दिघे काका उभे होते. त्यांनी विचारलं, "झालं का गं मेधा? चहा सांगू?"

"थांबा काका," मी म्हटलं.

जागा धारची. जुन्या दरबाराच्या काळातली एक कचेरी, आता एका ट्रस्टच्या ताब्यात. ट्रस्टने तिथे फिजिओथेरपी सेंटर काढलं होतं. दिघे काका ट्रस्टचे सेक्रेटरी. माझ्या वडिलांबरोबर ते धारच्या शाळेत शिकवत, म्हणून मी त्यांना लहानपणापासून काका म्हणते. मी सिव्हिल इंजिनिअर, राहते देवासला. बावीस वर्षं एका फॅक्टरीच्या प्रोजेक्ट डिपार्टमेंटमध्ये होते, आता स्वतःचं काम करते. मशिनं, रॅक, पाइपलाइन, जे काही भिंतीला किंवा जमिनीला घट्ट बसवायचं असतं ते कशाने बसवायचं, हे ठरवणं हेच माझं काम.

हॉलच्या लांब भिंतीला कमरेच्या उंचीवर वीस फुटांची स्टीलची दांडी लावायची होती. ज्यांना चालता येत नाही त्यांनी ती धरून उभं राहायचं, पावलं टाकायची. दहा-दहा फुटांचे दोन तुकडे, सहा ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला चार बोल्ट. त्या दिवशी मंगळवार होता. गुरुवारी उद्घाटन. इंदूरहून मोठे डॉक्टर येणार होते, पत्रिका वाटून झाल्या होत्या.

बोल्ट म्हणजे एक्स्पान्शन अँकर. होल पाडायचं, त्यात बोल्ट सरकवायचा. बोल्टभोवती पत्र्याची एक नळी असते आणि टोकाला शंकूसारखा फुगीर भाग. नट आवळला की तो शंकू नळीत ओढला जातो, नळी फुगते आणि होलच्या कडांवर दाबून बसते. सगळा भार त्या दाबावर. कडा टणक असतील तर अँकर जन्मात हलत नाही. कडा भुसभुशीत असतील तर नळी फुगत जाते, कडा चुरत जातात आणि नट फिरतच राहतो.

काकांच्या लक्षात आलं की काहीतरी बिनसलंय. ते फिटरकडे वळले.

"लखन, ये क्या किया तुमने?"

लखन भिया (भिया म्हणजे इकडचा भैया) देवासजवळच्या हाटपिपल्याचा. वय पन्नाशीच्या पुढे. देवासच्या फॅक्टरीत माझ्याबरोबर त्याने हजारभर तरी अँकर बसवले असतील. त्याने काकांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पान्याकडे बघत बसले.

हे लिहायला मला आवडत नाही, पण तसं झालं. मला कारण अर्धं कळलं होतं आणि तरी मी गप्प होते.

मी एकेक ब्रॅकेट तपासत गेले. पाचही सैल. सहावा ब्रॅकेट हॉलच्या टोकाला होता, बाथरूम वाढवताना नवीन काँक्रीटचा कॉलम उभा केला होता त्यावर. तिथे पाना लावला. पाव फेरा, आणि टक्. दुसरा, टक्. चारही बोल्ट पहिल्या झटक्यात.

माणूस तोच, ड्रिल तेच, बोल्ट एकाच खोक्यातले. बदलली होती फक्त भिंत.

"लखन भिया, होल करते समय बुरादा कैसा निकला?"

"पहले सफेद-भूरा, मैडम. फिर लाल. कहीं-कहीं चूने जैसा, एकदम नरम."

म्हणजे वर अर्धा-पाऊण इंच सिमेंटचं प्लास्टर, आत जुनी वीट आणि मधल्या सांध्यांत चुना. ठोकून पाहिली तर भिंत दगडासारखी वाजायची, कारण वाजत होतं ते प्लास्टर.

"फिर रुके क्यों नहीं?"

"ड्रॉइंग में यही बोल्ट लिखा था. मैंने सोचा, मैडम को मालूम होगा."

मैडमला मालूम नव्हतं. महिन्यापूर्वी काकांचा फोन आला होता. "भिंत अठरा इंची आहे, एकदम पक्की. कोणते बोल्ट आणू?" त्यांनी फोटोही पाठवले होते. मी तेव्हा एका फॅक्टरीच्या शटडाऊनच्या गडबडीत होते. फॅक्टरीतल्या काँक्रीटला जे अँकर मी नेहमी वापरते तेच ड्रॉइंगवर लिहून दिले. धार काही परदेशात नाही. एक चक्कर मारली असती तर पुरलं असतं.

"काका, लखनची चूक नाही," मी म्हटलं. "बोल्ट मी निवडले. न बघता निवडले."

काकांनी ते ऐकलं आणि सोडून दिलं. त्यांना चूक कोणाची यापेक्षा गुरुवारची काळजी होती. "सैल म्हणजे किती सैल? हाताने ओढून तर हलत नाही."

मी गाडीतून पुल टेस्टर आणला. तीन पायांचा छोटा जॅक. बोल्टला अडकवायचा, पंप मारत भिंतीपासून ओढायचं, काट्यावर किलो दिसतात. या दांडीच्या एका बोल्टने तीनशे किलो धरायला हवं होतं. काकांना मी काटा बघायला सांगितलं. ऐंशी. शंभर. एकशे वीसला प्लास्टरला बारीक चीर गेली. मग 'कर्र' आवाज झाला आणि बोल्ट अर्ध्या विटेसकट बाहेर आला. खाली लाल भुगा पडला.

काकांनी त्या भोकात बोट घालून पाहिलं. मग म्हणाले, "पण सुमन पंचावन्न किलोची आहे."

सुमनकाकू म्हणजे त्यांची पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणंही तुटक झालं. दर आठवड्याला काका त्यांना गाडीत घालून इंदूरला न्यायचे. धारमधल्या लोकांना एवढी यातायात पडू नये म्हणून तर हे सेंटर.

मी समजावलं. "दांडी भिंतीपासून लांब असते, काका. माणूस खाली लटकला की वरचे दोन बोल्ट बाहेर ओढले जातात, जसा दरवाजा बिजागरीवर लोंबतो तसं. शिवाय माणूस हळूच थोडंच पडतो? झटका बसतो. वजनाच्या कितीतरी पट."

"मग असं कर. कार्यक्रमापुरतं राहू दे. फीत कापू, फोटो होतील. शुक्रवारी काढ सगळं."

"कार्यक्रमात दांडी कोण धरणार आहे?"

ते खुर्चीवर बसले. पत्रिका मी वाचली होती, त्यात नाव नव्हतं. पण ठरलं होतं. पहिल्या चालणार होत्या सुमनकाकू.

"दोन महिने ती घरात रोज विचारते, किती दिवस राहिले," काका म्हणाले. "तिला काय सांगू?"

मी लखनला सगळे सैल बोल्ट काढायला सांगितलं.

आता जुन्या विटेला काय चालतं ते थोडक्यात सांगते. फुगणारा अँकर चालत नाही, तो विटेला आतून फोडतो. दोन मार्ग उरतात. एक, केमिकल अँकर. होल ब्रशने आणि हवेच्या पंपाने स्वच्छ करायचं, त्यात जाळीची नळी घालायची, बंदुकीसारख्या यंत्राने तिच्यात रेझिन भरायचं आणि बोल्ट घुसवायचा. रेझिन जाळीतून विटेच्या भेगांत शिरतं आणि वाळून दगड होतं. तिथे फुगवणं नाही, चिकटणं आहे. दुसरा मार्ग त्याहून साधा. भिंतीला आरपार होल पाडायचं, लांब बोल्ट घालायचा आणि पलीकडे लोखंडी प्लेट लावून नट आवळायचा. मग बोल्ट सुटायचा तर अख्खी भिंत यायला हवी.

पलीकडे व्हरांडा होता. मी आरपारचा मार्ग निवडला. काका लगेच उठले.

"व्हरांड्यात प्लेटा? मेधा, ही दर्शनी भिंत आहे. येणारा-जाणारा तेच बघेल. मांडूला जाणारे लोकसुद्धा थांबून या इमारतीचे फोटो काढतात."

लखन तोवर बाहेर जाऊन भिंत बघून आला होता. तो म्हणाला, "बाबूजी, ज़रा बाहर आओ."

त्याने आम्हाला इमारतीच्या कडेला नेलं आणि वर बोट दाखवलं. छपराखाली ओळीने चार गोल लोखंडी चकत्या होत्या, परातीएवढ्या, चुन्याने रंगवलेल्या. काका त्या रोज बघत असतील. त्यांना ती नक्षी वाटत होती.

"ये डिजाइन नहीं है. अंदर से लंबी छड़ आई है, दीवार को पकड़ के रखा है. वही चीज़ है जो मैडम बोल रही हैं. पुराने मिस्त्री ने भी यही किया था."

काकांनी मान वर करून त्या चारही चकत्या पाहिल्या. मग म्हणाले, "मग आपल्याही गोलच करा. आणि रंग मी देतो."

मंगळवारी दुपारी मी पिथमपूरच्या एका ओळखीच्या वर्कशॉपला प्लेटांची मापं पाठवली. त्यांनी सांगितलं, बुधवारी संध्याकाळपर्यंत चारच होतील, बाकीच्या शनिवारी. एका ब्रॅकेटला दोन प्लेटा, वर एक आणि खाली एक. म्हणजे गुरुवारपर्यंत दोनच ब्रॅकेट.

मी दांडीकडे पाहिलं. दहा फुटांचे दोन तुकडे. कॉलमकडच्या तुकड्याला तीन ब्रॅकेट, त्यांपैकी कॉलमवरचा आधीच पक्का. राहिले दोन. हिशोब बसला. दांडी अर्धी, पण खरी.

काकांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "ठीक. अर्धी."

बुधवारी लखनने नवीन होलं पाडली, जुन्यांपासून वीतभर बाजूला. ड्रिलचा हॅमर बंद ठेवला. हॅमर म्हणजे ड्रिलने फिरता फिरता ठोकणं. काँक्रीटला ते लागतं, जुन्या विटेला ते चालू ठेवलं तर पलीकडच्या बाजूला टोपलीभर वीट निखळते. एकेका होलला वीस-पंचवीस मिनिटं लागत होती. घाई मी केली नाही, त्यानेही नाही. जुनी भोकं ग्राउटने, म्हणजे सिमेंटच्या पातळ मसाल्याने, बुजवली. संध्याकाळी प्लेटा आल्या, बोल्ट आवळले. प्रत्येकाला टक्. मग मी सगळे बोल्ट तीनशे किलोला ओढून पाहिले. पाच-पाच मिनिटं तसेच ठेवले. काटा जागचा हलला नाही. काका व्हरांड्यात ब्रश घेऊन प्लेटांना रंग देत होते.

गुरुवारी भाषणं झाली, फीत कापली. सेंटरच्या फिजिओ डॉ. मंडलोई काकूंना व्हीलचेअरवरून घेऊन आल्या. काकूंनी निळी साडी नेसली होती. त्यांनी डाव्या हाताने दांडी धरली आणि उठल्या. एक पाऊल. उजवा पाय ओढत दुसरं. मंडलोई मॅडम मागे, हात पुढे करून, पण न शिवता.

चौथ्या पावलाला उजवा गुडघा दुमडला.

काकू सगळ्या वजनाने दांडीवर आल्या. स्टीलचा ठण्ण आवाज झाला. समोरच्या रांगेतल्या बायका ओरडल्या. मी काकूंकडे नाही पाहिलं. मी ब्रॅकेटकडे पाहिलं, प्लास्टरच्या कडेकडे. चीर नाही. ब्रॅकेट केसभरही हलला नव्हता. तोवर मंडलोई मॅडमनी त्यांना कमरेत धरलं होतं.

"बैठेंगे आंटी?"

काकूंनी जोरात मान हलवली. नाही. गुडघा सरळ केला, श्वास घेतला आणि पुढचं पाऊल टाकलं. दांडी संपली तिथे थांबल्या. पुढची मोकळी भिंत बघितली. मग काकांकडे वळून, एकेक शब्द जुळवत, म्हणाल्या, "पुढचं... कधी?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मीच सांगितलं, "रविवारी, काकू."

लखन दाराशी उभा होता. त्याने टोपी काढून परत घातली.

रविवारी उरलेली दांडी लागली. दोन ब्रॅकेट आरपार. तिसऱ्याच्या पलीकडे विजेचा मेन बोर्ड होता, तिथे आरपार जाता येत नव्हतं. तिथे केमिकल अँकर घातले, सांधे सोडून विटांच्या मधोमध, नेहमीपेक्षा खोल. एक दिवस वाळू दिले, मग ओढून पाहिले. तीनशेला उभे राहिले.

शेवटी रिपोर्ट लिहिला. ट्रस्टला तो नको होता, पण मला सवय आहे. त्यात एक रकाना असतो, बिघाडाचं कारण. आमच्या धंद्यात तिथे बहुतेक वेळा 'चुकीचं फिटिंग' असं लिहितात. सोपं पडतं, फिटर रिपोर्ट वाचत नाही. मी लिहिलं, 'अँकरची निवड चुकीची, जागा न पाहता केलेली.' खाली सही माझीच होती. लखनला त्याचा भाग वाचून दाखवला. तो म्हणाला, "ठीक है मैडम. अगली बार मैं भी रुक जाऊँगा."

माझ्या फॉर्ममध्ये आता अँकरचा साइज, खोली, टॉर्क या सगळ्यांच्या वर एक नवी ओळ आहे: 'भिंत स्वतः पाहिली का?' उत्तर 'नाही' असेल तर खालचं काहीही भरायचं नाही.