झबल्यातलं लोखंड

माझ्या नाकावर राग असतो असं आमच्या युनिटमध्ये सगळे म्हणतात. खोटं नाही ते. लहान मुलांच्या कपड्यांची क्वालिटी सांभाळायची म्हणजे गोड बोलून भागत नाही. वाळूजच्या आमच्या शेडमध्ये शिवलेलं झबलं समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी थंड देशात जातं. तिथली आई मला ओळखत नाही, मी तिला ओळखत नाही, आणि तरी ती डोळे झाकून ते बाळाच्या अंगात घालते. बटण निघालं तर बाळ ते गिळणार. नाडी लांब राहिली तर गळ्याला बसणार. सुटलेला दोरा बोटाला आवळणार. मला कपडा असा दिसतच नाही, त्यातनं काय काय होऊ शकतं तेवढंच दिसतं. माझी लेक म्हणते, "आई, तू बारशाला गेलीस तरी बाळ बघत नाहीस, बाळाची बटणं बघतेस."

सगळ्यात कडक नियम सुईचा. सुई मोडली की मशीन बंद, आणि तुकडे सापडेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. तुकडे जुळवून अख्खी सुई झाली तर ठीक. टोक सापडलं नाही तर आजूबाजूचा सगळा माल बाजूला. बायका कुरकुर करतात, मी ओरडते, लोहचुंबक घेऊन फरशीवर रांगते. एवढं करूनही शेवटी प्रत्येक कपडा पट्ट्यावरून सुई पकडणाऱ्या मशीनखालून जातो. त्या मशीनवर आमचे चाचा बसतात. कापडात लोखंडाचा कण जरी असला तरी मशीन किंचाळतं आणि पट्टा थांबतो. महिनोन् महिने ते गप्प असतं, म्हणून माझ्या घशाखाली घास उतरतो.

यंदाची ऑर्डर पांढऱ्या सुती झबल्यांची होती. बारकं, मधलं आणि मोठं अशी मापं. शिलाई उरकत आली होती, माल बंदराकडं निघायचा होता, आणि एका सकाळी चाचांनी हाक मारली.

"मॅडम, जरा इधर आओ. मशीन बोल रही है."

झबलं उलटंपालटं करून बघितलं, काही दिसेना. एकेक बाजू मशीनखालून सरकवली तर मानेकडची बाजू गेली की किंचाळी. लेबलच्या मागची दुमड मी उसवली. आत सुई नव्हती. तुरीच्या दाण्याएवढी एक लोखंडी कडी होती, बारीक तारेची, गंज चढलेली. चुकून पडलेली म्हणावी तर तसंही नाही. पांढऱ्या दोऱ्यानं, हातानं, एकसारखे टाके घालून ती बसवलेली होती.

"ये गलती नहीं है, मॅडम," चाचा हळूच म्हणाले.

"मलाही डोळे आहेत, चाचा," मी खेकसले.

पुढचं झबलं सोडलं, परत किंचाळी. त्याच्या पुढचं गप्प गेलं, मग परत. मधलं माप सगळं गप्प. मोठं माप गप्प. ओरडायचं ते फक्त बारकं, नुकत्या जन्मलेल्या बाळाचं.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत बातमी शेडभर झाली. कुणीतरी तोंडातून "करणी" शब्द काढला आणि संपलंच. बारक्या मापाच्या टोपलीला कुणी हात लावेना. बायका तिला वळसा घालून जायला लागल्या. मशिनी थांबल्या, आणि शेडमध्ये नुसता पंख्यांचा आवाज.

"करणी काय डोंबलाची!" मी ओरडले. "माणसाच्या हातानं शिवलंय हे!"

बोलून गेले, पण माझ्याच अंगावर काटा आला. माणसानं केलं असेल तर ते माणूस इथंच होतं. खाली घातलेल्या या मानांतलीच एक मान त्याची.

आता सांगायला हवं की आमचं घर धम्म घेतलेलं. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच ताईत, गंडे, अंगारे सगळं गाठोडं बांधून नदीत सोडून दिलं. आमच्याकडं लेकराला तीट लावत नाहीत की नजर काढत नाहीत. या गोष्टीचा मला अभिमान आहे, आणि तो मी चारचौघांत बोलूनही दाखवते.

त्या संध्याकाळी छावणी भागातल्या आमच्या घरी आले तर दारातच रडणं ऐकू आलं. लेक बाळंतपणाला माझ्याकडं आलेली होती. आधीचं एक पोटातच गेलेलं, म्हणून या दोन महिन्यांच्या पोरीवर आम्हा दोघींचा जीव टांगलेला. पोर आठ-पंधरा दिवसांपासून मधूनच अशी रडायची. भुकेचं रडणं नाही, पोटाचं नाही. शांत पडलेली असायची आणि एकदम डोळे मोठ्ठे करून आमच्या मागं बघायची, जणू आमच्या पाठीशी कुणी येऊन उभं राहिलंय. मग टाहो. डॉक्टर म्हणाले होते, गॅस आहे.

लेकीनं तिला खांद्यावर घेतलं. पिवळ्या झबल्याची पाठ घामानं ओली झाली होती.

"आई, रागावू नकोस. कुणीतरी चिमटा काढल्यासारखी दचकते गं ही. शेजारच्या काकू म्हणतात, मीठ-मोहऱ्या ओवाळून टाक. टाकू का?"

"या घरात? आजोबांचं नाव बुडवतेस का?"

तिनं पोरीला माझ्याकडं दिलं. पोर माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिली. मी वळून बघितलं नाही, पण मान ताठ धरून बसले, हे खरं.

दुसऱ्या दिवशी बारक्या मापाचं शेवटचं झबलं मशीनखालून गेलं. निघालेल्या सगळ्या कड्या चाचांनी स्टीलच्या वाटीत ठेवल्या होत्या. विचार करता करता मी त्या बोटांनी चाळवत बसले. प्रत्येक कडीला बारीक फट होती. एक कडी दुसरीत अडकली. दुसरी तिसरीत. बघता बघता माझ्या हातात साखळी तयार झाली. तिच्या एका टोकाला वाकडा आकडा होता, गळासारखा टोकदार. दुसऱ्या टोकाला नुसती रिकामी कडी.

चाचांनी चष्मा वर केला. "अरे, ये तो पालने की है. चिड़ियां लटकाने की."

खरंच की! पाळण्यावर कापडी चिमण्या टांगतात ती साखळी. मला एकदम लेबल लावणारी मावशी आठवली. बिडकीनहून यायची, वयानं माझ्यापेक्षा मोठी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. झबलं शिवून झालं की टोपलीत टाकायच्या आधी ते मांडीवर घ्यायची आणि हळूहळू थोपटायची. मी कैकदा बघितलं होतं. मला वाटायचं, सुरकुत्या काढते.

तिच्यासमोर जाऊन मी साखळी धरली. "मावशी, हे तुमचं?"

"व्हय." तिनं मशीन थांबवलं. भ्यालेली अजिबात नव्हती. "माझ्या लेकराच्या पाळण्याची हाय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? तान्ह्या बाळाच्या मानेपाशी लोखंड? उसवून तोंडात गेलं तर? घशात अडकलं तर?"

तिनं माझ्याकडं असं बघितलं, की न कळणारी मीच आहे. "म्याडम, तिकडं बाळंतिणीच्या उशाखाली इळा कोन ठिवतंय? म्या चाचाला इचारलं. तिकडं म्हनं तान्ह्या लेकराला येगळ्या खोलीत निजवत्यात. दार लावून. अंधारात. राखायला काय बी नाय. आपन नुसती झबली धाडायची का?"

सगळी लाईन कान देऊन ऐकत होती. तिनं आवाज वाढवला नाही की कमी केला नाही.

"माझ्या उशाखाली व्हता की इळा. शेळीला घास कापाया लागला, म्हनून काडून न्येला. बांधापस्तोरच गेल्ते. माघारी आले तर घरात कुनी नाय, आन् पाळणा हालत व्हता. जोरात. चिमण्या बी हालत व्हत्या. लेकरू गार."

रागवायला आले होते मी. आता हातातल्या साखळीकडं बघत राहिले. ती रिकामी कडी मला खटकली. सवयच आहे, जिथं काही कमी असतं तिथं नजर जाते.

"मावशी, याला दोन्ही टोकांना आकडे असतील ना? दुसरा कुठं गेला?"

ती हसली. इतक्या वर्षांत मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं.

"त्यो कवाच घातला. सगळ्यात भक्कम त्योच. म्हनलं, पैला आपल्या म्याडमच्या लेकीच्या लेकराला. त्या पिवळ्यात."

ऑर्डर पक्की व्हायच्या आधी नमुन्याची झबली शिवतात. तेव्हा पांढरं कापड आलेलं नव्हतं, शिल्लक पिवळ्यात शिवली. एक जास्तीचं झालं होतं. आमच्याकडं रिवाज आहे, जास्तीचा नमुना ज्या घरी पाळणा हलणार असेल त्या घरी जातो. नमुने मशीनखालून जात नाहीत. आणि मी, बारशाला जाऊन लोकांच्या बाळांची बटणं ओढून बघणारी मी, ते झबलं आपलं म्हणून घडी घालून पर्समध्ये टाकलं होतं.

लेकीला फोन लावला. फोन लागेपर्यंत मी चाचांच्या खुर्चीला धरून उभी होते.

"तिला काय घातलंय?"

"पिवळं झबलं. का गं? आज कमालच झाली, आई. घालताना जरा दचकली, पण रडलीच नाही. केव्हाची एकदम शांत पडलीय."

"काढ ते. आत्ताच्या आत्ता काढ! मानेकडं हात नको लावू, खालून काढ!"

तिनं फोन कुठंतरी ठेवला. मला पंखा ऐकू येत होता. पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती, एकदा, परत एकदा. बाकी काही नाही. इकडं शेडमध्ये सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या होत्या. मावशी बसलेली होती आणि तिचा हात रिकाम्या मांडीवर थोपटत होता. मी तिच्या हाताकडं बघत राहिले. मनात नको नको ते आलं. बुद्धवंदना म्हणायला गेले तर पहिली ओळच आठवेना.

मग पोर रडली. जोरात, चांगली छाती भरून रडली. मी तिथंच फरशीवर बसले आणि सगळ्यांसमोर हमसून हमसून रडले.

आकडा धुण्याधुण्यात कापडातून वर आला होता. टोक लेबलच्या कडेला टेकलेलं, दोऱ्याएवढं दिसायचं. पोरीच्या मानेवर बारीक लाल ओरखडे होते, त्यांना घामोळं समजून आम्ही रोज पावडर लावत होतो. डॉक्टरांनी जखम धुतली, औषध दिलं, भ्यायचं कारण नाही म्हणाले. युनिटमध्ये बारक्या मापाचा सगळा लॉट कापून टाकला आणि नव्यानं शिवायला घेतला. नमुनेसुद्धा आता मशीनखालून जातात, माझी ताकीद आहे. मालकांनी मावशीला त्याच दिवशी काढलं. काढायलाच हवं होतं. तिची बाजू घ्यायला माझ्याकडं एक शब्द नव्हता.

दुसऱ्या सकाळी ती गेटबाहेर उभी होती. बिडकीनच्या बायकांबरोबर नेहमीसारखी आली होती, फक्त आत आली नव्हती. मला बघून पुढं झाली.

"लेकरू बरं हाय न्हवं?"

"आहे."

"निजलं का रातच्याला?"

"निजलं. मावशी, तुम्हाला कळतंय का काय होणार होतं? त्या आकड्यानं..."

"काय झालं?"

"काही झालं नाही, पण..."

"मंग?" ती म्हणाली. "लागला की कामी."

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. तिला सांगायला माझ्याकडं ढीगभर होतं. पण ती पदर सावरून फाट्याकडं चालायला लागली. चालताना तिचा उजवा हात मांडीवर हळूहळू आपटत होता, तेच थोपटणं.

त्या संध्याकाळी लेक अंघोळीला गेली होती. पोर पाळण्यात गाढ झोपली होती, अंगात जुनं मऊ झबलं. दुपटं नीट करायला मी गादीखाली हात घातला आणि बोटांना गार लागलं. बाहेर काढलं तर माझीच दोरे कापायची कात्री. लेकीनं ठेवली होती. मला सांगितलं नव्हतं, आणि सांगणारही नव्हती.

घरातले सगळे ताईत नदीत सोडणारे आजोबा आठवले. पाळण्याकडं बघितलं. कुणी हात लावलेला नसताना तो जरासा हलत होता. पोरच हलली असेल झोपेत.

कात्री घेऊन मी स्वयंपाकघरात गेले. टोकांना कापूस गुंडाळला, वरून चिंधी घट्ट बांधली, ओढून बघितली. सुटत नाही अशी खात्री केली, आणि होती तिथं परत ठेवून दिली.