आठे नही, तठे!

आधीच सांगून ठेवते – भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्याला मी तोंडावर हसणारी बाई! पण हे माझ्या सख्ख्या भावाचं आहे, आणि माझ्या या दोन कानांनी ऐकलेलं.

लढाईचे दिवस होते, रॉकेल मिळत नव्हतं. लोणखेड्याजवळ आमची ज्वारी ऐन हुरड्यात आलेली. अन् हुरडा म्हटलं की भोरड्या आल्याच... काळं डोकं, गुलाबी अंग. ही पाखरं लांब परदेशातून थव्यानं येतात आणि कणसंच्या कणसं फस्त करतात. माझा थोरला भाऊ नाना शेतातल्या माळ्यावर चढून गोफण फिरवायचा आणि ओरडायचा, "आठे नही, तठे!" म्हणजे इथं नको, तिकडं जा. तिकडं म्हणजे शेजारच्या महाचिकट पाटलाच्या शेतात! सगळं गाव हसायचं.

त्या सकाळी मोसमातला पहिला थवा उतरला. नानाची हाक घरापर्यंत पुसट ऐकू येत होती, म्हणून मी निवांत भाकरी थापत बसले. दुपारी भाकरी घेऊन गेले, तर माळा रिकामा! गोफण तिथंच पडलेली. आणि हाक मात्र चालूच... आवाज नानाचाच, पण "नही" गायब. नुसतं "आठे! आठे!"

आवाजाच्या रोखानं धावले. शेताच्या कडेला असलेल्या पडक्या विहिरीवरच्या बाभळीवर एकटीच भोरडी बसलेली. तिनं चोच उघडली, आणि माझ्या भावाच्या आवाजात – "आठे!"

विहिरीत डोकावले. नाना कपारीत अडकून पडलेला, डोकं फुटलेलं, शुद्ध नाही. मी अशी बोंब मारली की पाटीलच दोर घेऊन सगळ्यांत आधी धावत आला!

तो शुद्धीवर आल्यावर मी विचारलं, "नाना, तू हाका मारी ऱ्हायंता का?"

"नही वं सुमे. दिन निंघाना पहिले पाय सरकना नि पडनू. थवा तं मी दखाच नही." म्हणजे दिवस उगवायच्या आधीच तो विहिरीत पडला होता, थवा त्यानं पाहिलाच नव्हता!

शाळेतले मास्तर म्हणाले, भोरडी नक्कल करते, मागच्या वर्षीचं ध्यानात राहिलं असेल. असेल बाई! पण विहिरीवरच का? आणि "नही" कोणी गाळलं?

पुढच्या हिवाळ्यात नाना लंगडत माळ्यावर चढला. थवा आला. मी गोफण पुढं केली, तर त्यानं ती बाजूला सारली आणि दोन्ही हात वर करून ओरडला, "आठे! आठे!"

त्या वर्षी पाटलाची ज्वारी पुरी वाचली, आमची निम्मीच घरी आली. बाकीची भोरड्यांचा वाटा, असं घरात सगळ्यांनीच धरलं.