अपिलाच्या दिवशी मागच्या बैठकीवर

दारू मी प्यालो होतो, घोडी नव्हती प्याली! हे मी मॅजिस्ट्रेटपुढं छातीठोकपणे सांगितलं आणि सहा महिने सक्तमजुरीची शिक्षा ओढवून घेतली. आता हसू येतं, पण तेव्हा मला ते अगदी बिनतोड वाटलं होतं. देऊळघाट ते बुलढाणा माझी घोडी डोळे मिटून जायची. बाजाराच्या दिवशी उतारावर टांगा भरधाव सुटला आणि वांग्यांची टोपली घेऊन कडेनं चाललेल्या आमच्याच गावच्या माळ्याच्या पायावरून चाक गेलं, त्यात माझा काय दोष? असं मी गावभर सांगत फिरायचो.

वकिलानं अपील केलं, जामीन मिळवून दिला आणि बजावलं, "त्या माळ्याशी गोडीनं राहा."

अपिलाच्या दिवशी सकाळी मी घोडी जुंपतोय, तर माळी कुबडी टेकत दारात हजर. निकाल त्याला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता, आणि गावात दुसरा टांगा नव्हता.

"चाल भाऊ, बस," मी म्हणालो.

"बसतो. पण हाकीन मी."

"काऊन बे? टांगा माहा, घोडी माही!"

"मंग मी पायी जातो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वांगी लावणारा माणूस माझी घोडी हाकणार! पण वकिलानं बजावलेलं होतं, म्हणून मुकाट्यानं मागं बसलो. माझ्याच टांग्यात मी उभ्या जन्मात मागं बसलो नव्हतो. पुढं त्याचा मोडका पाय ताठ पसरलेला. खड्डा आला की तो दात आवळायचा. तो उतार आला तेव्हा त्यानं घोडी अगदी पावलावर आणली. त्याचे हात थरथरत होते आणि ऐन थंडीत मानेवरून घाम ओघळत होता.

कोर्टात वकील असा काही बोलला की वाहवा! घोटभर घेतली असेल, पण झिंगला होता असं एकटा शिपाई सांगतो, डॉक्टरनं तपासलंच नाही. घोडी मोटारीच्या भोंग्यानं बुजली. जज्जसाहेब मान हलवत होते. सुटलो, मी मनाशी म्हटलं. मग वकिलानं मागं बसलेल्या माळ्याकडं हात केला. "साहेब, जखमी इसम आज आरोपीच्याच टांग्यातून आला आहे. एवढा त्याचा भरवसा!"

साहेबांनी त्याला विचारलं, "खरं का?"

"हाव साहेब. पण हाकला मी."

कोर्टात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. ते माझ्याकडं वळले. "तू का हाकू दिलास?"

त्याला हौस आली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. वकील डोळे वटारून मला गप्प राहायला सांगत होता. पण ते हात काही माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

"साहेब, त्याले माह्या हाकण्याचं भेव वाटते," मी म्हणालो. "अन् वाटालेच पाह्यजे. मी लय पेलो होतो. मोटार-बिटार काही नव्हती."

वकील मटकन खाली बसला. शिक्षा कायम झाली. शिपायानं माझा दंड धरला तेव्हा माळी कुबडी सावरत उठला, जवळ आला आणि म्हणाला, "घोडीले मी पाह्यतो. तू जाऊन ये."

तेव्हा मात्र मला भर कोर्टात रडू फुटलं, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही.