उभा टांगलेला घुमट

अन्याय झाला तो माझ्या शेजारच्या मावशीवर. गेल्या शुक्रवारी, चर्चमधल्या सकाळच्या मिस्सानंतर, इथे आखातात, अल अझीझियातल्या आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत. रहिवाशांच्या चित्रांचं प्रदर्शन होतं. तिनं काढलेला घुमट, म्हणजे आमचं आडवं धरून वाजवायचं मडक्याचं वाद्य, बिल्डिंगवाल्यांनी उभा टांगला. फुलदाणीसारखा!

मावशी वसईची, हॉस्पिटलात नर्स, माझ्यासारखीच इथे एकटी. तिचा भाऊ लग्नाच्या मांडवात घुमट वाजवायचा. तो गेला, मागे वाजवणारं कुणी उरलं नाही. मग तिनं नुसत्या आठवणीवर त्याचा घुमट जलरंगात काढला.

मातीचा तांबूस रंग तिनं ओल्या कागदावर आपोआप पसरू दिलाय, म्हणून मडक्याचं पोट खरंच गोल वाटतं. चामड्याच्या जागी कागद जवळजवळ कोराच. मध्ये फक्त एक मळकट डाग, बोटं पडून पडून झालेला. गळ्यात अडकवायची दोरी खाली लोंबतेय, आणि गळा कुठेच नाही. तिथे माझी नजर अडकते. पुढे जात नाही.

उभं टांगल्यावर तीच दोरी हवेत आडवी तरंगते. एवढंही दिसू नये कुणाला? सही नव्हती म्हणून वरची बाजू कळली नाही, म्हणे.

मी बिल्डिंगच्या मॅनेजरला गाठलं. "भाईसाब, इसको घुमाना पड़ेगा."

"मटका लिटा दूँ? पानी गिर जाएगा ना!"

"मटका नहीं, बाजा है."

"और किसी ने तो नहीं बोला. सिर्फ आप बोल रहे हो. खलास."

बरोबरच होतं त्याचं. ज्यांच्या लग्नात घुमट वाजला ती आमचीच माणसं त्या चित्रासमोर सेल्फी काढून, समोसे खाऊन वर आपापल्या घरी गेली. एकानं तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी मावशी ड्यूटीला निघाली होती. लिफ्टपाशी म्हणाली, "असू दे रे. कोणाला कळतंय इथे?"

"मला कळतंय."

"तुला एकट्याला कळून मी काय करू, बाबा?"

लिफ्टचं दार मिटलं. मी पुन्हा चित्रासमोर जाऊन उभा राहिलो. मान वाकडी करून बघितलं. लॉबीत दुसरं कोणी नव्हतं.

प्रदर्शन या शुक्रवारपर्यंत आहे. बिल्डिंगच्या या ग्रुपवर अंगठे पाठवू नका, मला शाबासकी नको. खाली लॉबीत उतरा आणि मॅनेजरच्या तोंडावर सांगा: हे चित्र आडवं लावा.