सात किलोच्या आत

रत्नप्रभा पिसाळ पहिल्यांदा परदेशात निघाली तेव्हा तिला सत्तावन्नावं चालू होतं आणि ती जिथं निघाली होती तिथं तिचं कोणी नव्हतं. आसपासच्या लोकांना यातली दुसरी गोष्ट काही केल्या पटेना. समोरच्या फ्लॅटमधल्या ढिल्लों आंटींची दोन्ही मुलं कॅनडात, ब्रॅम्प्टनला. त्या दरवर्षी दोन मोठ्या बॅगा भरून पिन्न्या म्हणजे कणकेचे लाडू, वड्या आणि रजया घेऊन जायच्या. त्यांनी जिन्यातच विचारलं, "किसके पास जा रहे हो जी?"

"किसी के पास नहीं. घूमने."

"कनाडा?"

"नहीं जी, उझबेकिस्तान."

आंटींनी थोडा विचार केला आणि आवाज खाली आणून विचारलं, "वहाँ से कनाडा का वीज़ा जल्दी मिलता है?"

रत्नप्रभा हसली, पण घरात आल्यावर तिला आपलंच आपल्याला विचारावंसं वाटलं की खरंच, कशासाठी चाललोय आपण?

तिचं माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातलं. नवरा सदाशिव फौजेतून सुभेदार मेजर म्हणून निवृत्त झाला. लष्कराचं सामान रेल्वेनं इकडून तिकडं पोचवायचं, हेच त्यानं आयुष्यभर केलं. घरचं सामान मात्र रत्नप्रभानं हलवलं. फिरोजपूर, जोधपूर, उधमपूर, तेजपूर, झाशी, बेळगाव अशी सत्तावीस वर्षांत तेरा घरं. सोळा काळ्या पत्र्याच्या पेट्या, त्यांवर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. काचेचे पेले सदाशिवच्या लोकरी मोज्यांत, लोणच्याची बरणी रजईच्या पोटात. बदलीचा हुकूम आला की चौथ्या दिवशी घर रिकामं. शेवटचं पोस्टिंग चंदीगडजवळ चंडीमंदिरला होतं. तिथं आजूबाजूच्या बायका बदली आली की तिला बोलावून न्यायच्या, "दीदी, जरा बता दो कैसे भरें."

निवृत्तीनंतर ते गावी गेले नाहीत. मुलगी कश्मिरा उधमपूरला जन्मलेली, शाळा सहा गावांत झालेली, आता चंदीगडच्या सेक्टर ३४ मधल्या एका कोचिंग क्लासमध्ये परदेशी निघालेल्या मुलांना इंग्रजी शिकवत होती. तिच्यासाठी म्हणून सेक्टर ४८ मध्ये दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सदाशिवनं पेट्या भंगारात घातल्या, सहा ठेवल्या, त्यांवर गादी टाकून दिवाण केला आणि त्यावर बसून सांगितलं, "सरकारनं हलवलं तेवढं बास. आता मी इथनं हलणार तो खांद्यावरच."

पहिली दोन वर्षं बरी गेली. तिसऱ्या वर्षी रत्नप्रभाचे तळपाय हुळहुळायला लागले. दोन-अडीच वर्षं झाली की हुकूम यायचा ही अंगाला लागलेली सवय, आणि आता हुकूमच येत नव्हता. तिनं सोफा खिडकीखाली नेला. महिन्यानं पलंग फिरवला. कपाट एकदा इतकं ओढलं की खालच्या फरशीवर चरा उमटला. सदाशिव सकाळी पार्कात फिरून यायचा आणि कालपर्यंत नसलेल्या टेबलावर गुडघा आपटून घ्यायचा.

"घरात कमी काय आहे तुला?" एकदा त्यानं गुडघा चोळत विचारलं.

"काही कमी नाही हो."

"मग?"

"बसवत नाही मला," ती म्हणाली. यापेक्षा जास्त तिला सांगता येईना, आणि त्याला एवढ्यानं काही कळेना.

परदेशाचं खूळ कश्मिरामुळं डोक्यात शिरलं. तिच्या क्लासमधली पोरं रोज कुठं कुठं निघालेली असायची आणि ती जेवताना सांगायची. एके दिवशी रत्नप्रभा म्हणाली, "मी पण जाते कुठंतरी. आठ दिवस. बघून परत येते."

कश्मिराला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर हिंदीतच यायचं. "जाओ ना, आई. रोका किसने है?"

कोणीच रोखलं नाही, पण मग कुठं जायचं ते ठरेना. आधी सिंगापूर ठरलं. दोन दिवस फोनवर चित्रं बघून ती म्हणाली, "हे तर आपलं सेक्टर १७ चं मार्केटच आहे, नुसतं उंच केलेलं." मग व्हिएतनाम. मग जॉर्जिया. मग पुन्हा व्हिएतनाम. सकाळी एक देश, संध्याकाळी दुसरा. बदली होती तेव्हा गाव दुसरंच कोणीतरी ठरवायचं, आपण नाक मुरडलं तरी भरायला घ्यायचं. स्वतः गाव निवडायचं म्हणजे काय बघायचं असतं, हेच तिला माहीत नव्हतं. तिनं जोरात फोन ठेवला की सदाशिव टीव्हीचा आवाज वाढवायचा.

शेवटी कश्मिरानंच तिला समोर बसवलं. "आई, ये मत सोचो कि कौन सी जगह अच्छी है. तुम्हें क्या नहीं चाहिए, वो बताओ."

रत्नप्रभानं बोटं मोजायला घेतली. "लांबचं विमान नको. पाय सुजतात. गाइडच्या झेंड्यामागं पळणं नको. आणि आगगाडी पाहिजे. खिडकीशी बसायला."

दिल्लीहून तीन तासांत ताश्कंद, पुढं समरकंदपर्यंत रेल्वे, व्हिसा घरबसल्या. असं उझबेकिस्तान ठरलं. मग तिनं आठ दिवसांत सात गावं लिहून काढली. कश्मिरानं पेन घेतलं आणि पाच खोडली.

सामानाचं मात्र तिनं आधीच ठरवलं होतं. विमानात हातात नेता येते तेवढी एकच बॅग, सात किलोच्या आत. तेजपूरच्या बदलीत पेट्या चाळीस दिवस उशिरा पोचल्या होत्या आणि अडीच वर्षांच्या कश्मिराला तिनं डिसेंबरात सदाशिवच्या जर्सीत गुंडाळून ठेवलं होतं. सामानाची वाट बघणं तिला पुन्हा नको होतं.

पहिल्यांदा भरलेली बॅग कश्मिरानं हुकाच्या काट्याला लटकवली. साडेबारा किलो.

"हो कैसे गया इतना?" कश्मिरानं सगळं पलंगावर ओतलं. सहा पंजाबी ड्रेस. लागलीच तर म्हणून दोन साड्या. टॉर्च, मेणबत्त्या, सुतळी, सुईदोरा. मेतकूट, चिवड्याचे दोन डबे. बाम. ऍसिडिटीच्या गोळ्या, ज्या तिला कधीच लागत नव्हत्या. आणि तीन टॉवेल.

"तीन क्यूँ?"

"एक माझा, एक तुझ्या बाबांचा..." रत्नप्रभा थांबली. ऍसिडिटी सदाशिवला होती. बाम त्याच्या गुडघ्यासाठी. सुतळी कशासाठी हे तिलाही सांगता येईना. आयुष्यभर तिनं सगळ्यांचं भरलं होतं, आणि आता एकटीचं भरायचं तर आपल्याला काय लागतं हेच हाताला ठाऊक नव्हतं. ती पलंगाच्या कडेला बसून राहिली. कश्मिरानं दोन टॉवेल उचलून कपाटात ठेवले.

पुढचे दहा दिवस बॅग भरली जायची आणि उपसली जायची. साड्या गेल्या. चिवड्याचा एक डबा गेला, मग दुसराही अर्धा झाला. ड्रेसचे तीन झाले, एक अंगावर आणि दोन बॅगेत. स्वयंपाक अर्धवट टाकून ती मध्येच जाऊन काटा लावायची. शेवटी सहा किलो आठशे ग्रॅम भरलं आणि तरीही तिला काहीतरी राहिल्यासारखं वाटतच होतं.

निघायच्या आदल्या दिवशी सदाशिव गच्चीतून पांढरा रंग आणि ब्रश घेऊन आला. "आण इकडं. नाव घालून देतो."

"अहो, ही काय पोस्टिंग आहे का?" ती पटकन बोलून गेली. "चांगली नवी बॅग आहे."

त्यानं डबीचं झाकण परत बसवलं आणि ब्रश धुवायला आत गेला. सकाळी सेक्टर ४३ च्या बस अड्ड्यावर तिला दिल्लीच्या बसमध्ये बसवताना त्यानं फक्त एवढंच सांगितलं, "पासपोर्ट अंगावर ठेव. बॅगेत नको."

ताश्कंदमध्ये पहिला दिवस ती हरखून फिरली. रुंद रस्ते, झाडांच्या रांगा, बाजारात डाळिंबांचे ढीग. विक्रेती म्हणाली 'अनोर', हिनं म्हटलं 'अनार', दोघी हसल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तेच तळपाय सुरू झाले. बघायचं ते बघून झालं, आता पुढं. चौथ्या दिवसाचं तिकीट होतं ते बदलून तिनं तिसऱ्याच दिवशी समरकंदची गाडी पकडली. हव्या त्या खिडकीशी बसली, पण समरकंद यायला पंधरा मिनिटं असतानाच ती उठली, वरच्या फळीवरची काळी बॅग ओढली आणि सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

गेस्टहाउसच्या खोलीत तिनं चेन उघडली तर आत लहान मुलांचे बूट निघाले, तीन जोड. मधाची बरणी. आणि एक मोठं खाकी पाकीट, त्यात छातीचे एक्स-रे आणि इस्पितळाचे कागद.

स्वतःचे कपडे गेले, थायरॉइडच्या गोळ्या गेल्या, त्याचं एवढं नव्हतं. हे कोणाचं तरी दुखणं ती घेऊन आली होती. कागदावर इंग्रजी अक्षरांत नाव होतं, मुहब्बत एर्गाशेवा. तिचा फोन नंबर नव्हता. रविवार होता. गेस्टहाउसच्या मालकिणीनं कागदावरच्या इस्पितळाला फोन लावला, कोणी उचलला नाही.

तिनं घरी सदाशिवला फोन करून बॅग बदलल्याचं सांगितलं. नाव घालून देत होतो ना, असं तो आता म्हणणार, आणि ते ऐकून घ्यायची तिनं तयारी ठेवली होती.

"डबा कितवा?" सदाशिवनं विचारलं.

"चौथा."

"तुझी सीट? बॅग कुठल्या बाजूला ठेवली होतीस? गाडी पुढं कुठं जाते?" त्याचा आवाज एकदम बदलला होता, ड्यूटीवरचा. "हे बघ, आत्ता स्टेशनात जा, गाडी नंबर, डबा, सीट लिहून दे. आणि उद्या सकाळी परत जा आणि तिथंच बस. सामान चुकलेला माणूस शेवटी स्टेशनातच येतो. तू फिरायला लागलीस तर चुकामूक होईल. रत्ना, ऐकतेस का? बसून राहायचं."

"बसते."

"गोळीचं नाव सांग. कश्मिरा तिथलं नाव शोधून पाठवेल."

दुसऱ्या दिवशी आठ वाजल्यापासून ती बाकावर बसली. मांडीवर बॅग, बॅगेवर दोन्ही हात. बाहेर जिच्यासाठी आली ती निळ्या घुमटांची नगरी होती आणि ती गाड्यांच्या पाट्या बघत होती. नऊ वाजले, दहा वाजले. पाय उठायला बघायचे, ती त्यांना दाबून धरायची. दोनदा तिला वाटलं की एक चक्कर मारून यावं, पाच मिनिटांत काय होतंय. ती उठली नाही. आपण इतका वेळ एका जागी शेवटचं कधी बसलो होतो, हे तिला आठवेना.

एक वाजायच्या सुमाराला डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली साठीची बाई धापा टाकत आली. तिच्या हातात हिची बॅग होती. दोघींनी आधी बॅगा बघितल्या, मग एकमेकींची तोंडं. मुहब्बतनं पाकीट काढून त्यातले एक्स-रे मोजले, छातीशी धरले आणि रत्नप्रभाला मिठी मारून रडायला लागली. रत्नप्रभा मराठीतच म्हणत राहिली, "चुकलं हो माझं, घाई केली मी, चुकलं."

मुहब्बतनं तिला सोडलं नाही, घरी नेलं. मुहब्बतचा नवरा अंगणात खाटेवर बसला होता, खोकत होता. फिल्म त्याच्या होत्या, कागदावरचं नाव त्या नेणारीचं; त्याला दोन दिवसांनी डॉक्टरांकडं न्यायचं होतं ते त्याच घेऊन. तीन नातवंडांनी नवे बूट घातले आणि ते अंगणभर वाजवत फिरले. रत्नप्रभानं उरलेला चिवडा काढला. म्हाताऱ्यानं एक दाणा चावला, तिखट लागून ठसका लागला, सगळे घाबरले, आणि तो खोकता खोकता हसत आणखी मागायला लागला. मुहब्बतशी तिला पन्नासेक शब्दांत बोलता आलं, त्यातले वीस दोघींचे सारखेच निघाले. उरलेले तीन दिवस ती सकाळी घुमट बघायची आणि दुपारी मुहब्बतच्या अंगणात जाऊन गाजरं चिरत बसायची. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिला निघायच्या दिवशी कळलं. औषधानं बरा होईल, वेळ लागेल.

परत आल्यावर ती बदलली असं काही झालं नाही. पंधरवड्यात पलंग पुन्हा फिरला. जानेवारीत कश्मिरानं तिला क्लासमध्ये बोलावलं, पोरांच्या आयांना बॅग हलकी कशी भरायची ते सांगायला. एका आईनं मुलीसाठी कुकर, तवा, पोळपाट, चार रजया आणल्या होत्या. रत्नप्रभानं काढायला सुरुवात केली. तवा काढला, दोन रजया काढल्या, आणि मग त्या बाईचा चेहरा बघून हात थांबला. तिनं विचारलं, "कब आएगी वापस?"

"पता नहीं जी," ती बाई म्हणाली.

रत्नप्रभानं रजया परत आत घातल्या आणि तव्यासाठी जागा केली. आठ दिवसांत परत येणाऱ्यानं हलकं जावं, या पोरीला तो नियम लावायची तिची हिंमत झाली नाही.

आता तिनं एप्रिलचं व्हिएतनाम पक्कं केलंय. दोनच गावं, मध्ये रात्रभराची रेल्वे. कश्मिरानं कोणाला न विचारता सदाशिवचा पासपोर्टचा अर्ज भरून टाकला. पहिल्या अपॉइंटमेंटला तो गेला नाही, पार्कात जाऊन बसला. दुसरी पुढच्या मंगळवारी आहे. तो जाईन म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. काल मात्र चहा पिताना त्यानं व्हिएतनामच्या त्या रात्रीच्या गाडीचा नंबर विचारला, आणि रत्नप्रभा तो आणायला चहा टाकून उठली.