दुसरा फिल्टर

आज अबूधाबीत, खलिफा सिटीतल्या घरी सौर दुर्बिणीची पेटी उघडली आणि तापलेल्या फोमचा वास आला. त्या वासाने अजूनही माझं डोकं फिरतं. राग माझा मलाच येतो.

तेव्हा मंदीचं दुसरं वर्ष होतं. दुबईच्या ऊद मेथातल्या शाळेत मुलांना सूर्य दाखवायला आमच्या खगोल मंडळाने हायड्रोजन-अल्फा, म्हणजे सूर्याच्या कडेच्या ज्वालाही दाखवणारी दुर्बीण घ्यायची ठरवली. निवड माझ्याकडे होती. माझा मित्र मिलिंद म्हणाला होता, "अरे, पोरं डोळ्यांनी बघणार. एकच फिल्टर पुरे. दुसरा लावलास की अंधार होईल, कडेच्या ज्वाला दिसायच्या नाहीत." पण दुसऱ्या फिल्टरने फोटोत सूर्याचा पृष्ठभाग उठून दिसतो, आणि मला फोटो काढून मिरवायचं होतं. मी दोन फिल्टरवाली घेतली.

पहिल्याच शुक्रवारी सकाळी मुलांची रांग लागली. मिलिंदची नोकरी गेली होती, दोन दिवसांनी तो कुटुंबासह कायमचा पुण्याला निघणार होता. त्याच्या नऊ वर्षांच्या ईराला त्या ज्वालाच बघायच्या होत्या. काळ्या कापडाखाली डोकं घालून ती बराच वेळ पाहत राहिली.

"इट्स जस्ट डार्क, काका."

"काढ ना तो दुसरा," मिलिंद हळूच म्हणाला.

काढला असता, तर सगळ्यांसमोर त्याचं खरं ठरलं असतं. मी ईरालाच म्हणालो, "नीट बघितलं नाहीस तू. यल्ला, चला, पुढचा."

तिने बापाच्या पडलेल्या चेहऱ्याकडे पाहिलं. "आय सॉ इट, बाबा," ती म्हणाली.

आज मी तो फिल्टर काढला. सूर्याच्या कडेला ज्वाला लख्ख दिसल्या. काढायला दोन मिनिटंही लागली नाहीत.