सातभाईंची थोरली

आमच्या सोलापूरच्या घरामागं बोरीचं एक झुडूप होतं आणि त्यात सातभाईंचं घरटं असायचं. मातकट रंगाची, दिवसभर कलकलाट करणारी ही पाखरं. नाव सातभाई, म्हणून ती सातच असणार असं सगळे धरून चालत. मला मेलीला मोजायची खोड. मोजली तर नऊ भरली! वडील मराठी शाळेत मास्तर, त्यांना सांगितलं तर म्हणाले, "पुन्हा मोज." पुन्हा मोजली. नऊच.

खरी गंमत पुढंच होती. घरट्यात पिल्लं तीन आणि चारा आणणारी पाच-सहा जणं. एक अळी भरवून जातंय न जातंय तोवर दुसरं हजर. यातली आई कोणती? आणि बाकीच्यांना काय पडलंय? स्वतःचं घरटं बांधायचं सोडून दुसऱ्याच्या पोरांच्या चोचीत किडे कोंबत बसायचं, हा कुठला उद्योग?

हे विचारायला मला कारणही होतं. मी तेव्हा अठरा वर्षांची. आई धाकट्याला सहा महिन्यांचा ठेवून गेली, तेव्हापासून चारी भावंडांचं न्हाणं-खाणं माझ्याकडे. धाकटा आता तीन वर्षांचा होता आणि माझ्या हाताशिवाय घास घेत नसे. त्याच उन्हाळ्यात पुण्याच्या शिक्षिकांच्या ट्रेनिंग कॉलेजात मला घेतल्याचं पत्र आलं. जूनमध्ये हजर व्हायचं. वडील म्हणाले, "तूच ठरव." झाले मोकळे! मी पत्र कपाटात टाकलं आणि परसात पाखरं बघत बसले.

शेजारी विणकरांचं घर. त्यांच्या अंगणातले सुताचे तुकडे पाखरं उचलून घरट्यात घालायची. आदल्या वर्षी एका पिल्लाच्या पायाला असं सूत करकचून आवळलं होतं. कात्री घेऊन कापायला गेले, तर अख्खी टोळी डोक्यावर येऊन अशी भांडली, की नळावरच्या बायकांनी कान धरावेत. सूत निघालं, पण पिल्लाचं एक बोट गेलं नि ते कायमचं लंगडं झालं. आणि यंदा बघते तर घरट्याशी तेच लंगडं, चोचीत नाकतोडा धरून! अगं बाई! म्हणजे ही कुणी परकी नव्हेच, ही तर पिल्लांची थोरली बहीण. बहीण की भाऊ ते देव जाणे. मी आपली बहीण धरली.

तरी 'का' काही सुटेना. शेजारच्या मावशींना विचारलं. त्या तेव्हा घरादाराला घेऊन मागावर चढवायच्या ताण्याला खळ लावत होत्या. गल्लीभर सूत ताणायचं आणि खळ वाळायच्या आत दोन्ही अंगांनी कुंचा फिरवत चालायचं. मुलगा, सून, लहान मुली, सगळी त्याला जुंपलेली.

"येगळं व्हायला माग नको का?" हात न थांबवता मावशी म्हणाल्या. "माग मिळंपर्यंत माझा थोरला जाईल कुटं? हितंच राबतो, धाकट्यास्नी सांभाळतो. मिळाला की जाईल. जायलाच पायजे की."

मी परत येऊन नीट पाहिलं. मागं सगळा उघडा माळ. घरटं लपेल असं झुडूप एकच, तेही आईबापांनी धरलेलं. लंगडी संसार मांडणार कुठं? तोवर घरच्यांना हात लावलेला बरा, निदान भावंडं तरी जगतात. इतकं साधं होतं ते, आणि मी आठवडाभर डोकं शिणवलं.

मेच्या अखेरीस पिल्लं उडाली. एका सकाळी ओढ्याकडची दुसरी टोळी आली, दोन्ही टोळ्या कडाकडा भांडल्या, आणि भांडण सरल्यावर लंगडी त्या परक्यांबरोबर निघून गेली. मी दोन दिवस वाट पाहिली. मला तिचा भयंकर राग आला. खुशाल गेली! तिसऱ्या दिवशी कपाटातलं पत्र काढलं आणि वडिलांना म्हटलं, "मी जाते."

पुण्यात रोज जेवताना घर आठवायचं. धाकटा उपाशी असेल, आरडून घर डोक्यावर घेत असेल, हेच मनात. पत्रात वडील लिहायचे, सगळं ठीक आहे. मला वाटायचं, माझा जीव थाऱ्यावर राहावा म्हणून लिहितात.

दिवाळीला आले. ओसरीवर तेरा वर्षांची धाकटी बहीण धाकट्याला दूधभाकरी भरवत होती आणि तो मटामटा खात होता. मी हाका मारत धावले, तर तो तिच्या परकराआड लपला. तिथूनच डोकावून त्यानं तिला विचारलं,

"ताई, ह्या कोण?"

मी तिथंच मोठ्यानं रडले. बहीण घाबरली. हातातला घास तसाच धरून म्हणाली, "माझं काही चुकलं का गं?"

"नाही गं," मी म्हटलं. "भरव त्याला."